पाणी नेईल तोवर

आमच्या अर्पिताची एक खोड मला ती चार वर्षांची होती तवापासून पटली न्हाई. तिला जे सांगावं ते ती करते. लोक म्हणतात, लय गुणाची पोर हाय. मी म्हणते, हा गुण न्हाई. माणसानं सांगितलेलं अर्धं ऐकावं अन् अर्धं आपल्या डोक्यानं करावं. ही सगळंच ऐकती. एकदा आमच्या पोखर्णीच्या जत्रंत तिला नृसिंहाच्या देवळामागं उभं केलं अन् म्हणले, मी नारळ घेऊन येते, इथून हलू नको. मला माहेरच्या बायका भेटल्या, मी बोलत राहिले. तीन तासांनी ध्यान आलं. पळत गेले तर पोर भर उन्हात तिथंच उभी, तोंड लाल झालेलं. सावली दोन हातांवर होती. सावलीत का सरकली न्हाईस म्हणलं, तर म्हणती, तू हलू नको म्हणलीस. लोक हसले. मीबी हसले. तवाच एक थोबाडीत ठेवून द्यायला पायजे होती.

आता ती चोवीस वर्षांची हाय अन् वेल्सला शिकायलीय. वेल्स म्हणजे इंग्लंडच्या शेजारचा मुलूख, असं माझा लेक महारुद्र सांगतो. तो गंगाखेडला हायस्कुलात सायन्स शिकवतो. त्यामुळं घरात त्याचं बोलणं पुस्तकातलं अन् माझं अडाण्याचं. सून हेमा दोघांच्या मधी बसून दोघांना चहा देती.

मे महिन्यात परीक्षा संपली तर पोरीनं गावाकडं यावं. हिनं जुनी सायकल घेतली. तिच्या खोलीत निकिता म्हणून लातूरची पोरगी राहती, तिला बरोबर घेतलं अन् दोघी समुद्राच्या कडंकडंनं तीन दिवस फिरायला निघाल्या. तो सगळा किनारा सरकारनं राखून ठेवलाय म्हणं, नॅशनल पार्क. मी इचारलं, वाघ हायत का. तर म्हणती, वाघ न्हाईत आजी, कडे हायत, फुलं हायत अन् जुने दगड हायत. दगड बघायला सायकल मारायची. आमच्या माळावर ये म्हणलं, पाहिजे तेवढे दाखविते.

मग फोटो यायला लागले. पहिल्या फोटोत दोन्ही बाजूंनी दगडी बांध, मधून बैलगाडीएवढा रस्ता, अन् बांधावर आमच्या बाभळीच्या फुलांसारखी पिवळीधमक काटेरी झुडपं. बरं वाटलं. दुसऱ्या फोटोत जमीन संपली होती. सुरीनं कापल्यासारखी खाली तुटलेली, अन् खाली पाणी, पांढरा फेस. त्या काठावर माझी नात सायकल धरून उभी, डोक्यावर सायकलवाल्यांचं ते टोपलं घातलेलं, तोंडभर हसू. मी हेमाला म्हणले, तिला सांग मागं सर. हेमा म्हणाली, आत्या, हा फोटो कालचा हाय. कालचा असला म्हणून काय झालं, माझं काळीज तर आज धडधडायलंय.

पुढं दगडांचे फोटो. तीन उभे दगड अन् त्यांच्यावर एक भलामोठा दगड नुसता टेकवलेला, आता पडंल की मग पडंल. पाच हजार वर्षांपूर्वीची समाधी हाय, असं तिनं कळविलं. तिथं केल्टिक म्हणून जुने लोक राहायचे, त्यांच्याबी आधीची. मग त्या केल्टिकांच्या वंशातल्या लोकांनी कोरलेला एक उंच खांब, त्याच्यावर दोरीच्या गाठी, सुरुवात कुठं अन् शेवट कुठं कळू नये अशा. आमच्या शेजारची सुमनबाई तशी रांगोळी काढती.

त्याच्या पुढचा फोटो बघितला अन् मी उठून बसले.

दगडांनी बांधलेला झरा होता. आपल्या आडापेक्षा लहान. त्याच्यावर वाकलेलं एक झुडूप, अन् त्या झुडपाला चिंध्या बांधलेल्या, लाल, पांढऱ्या, जुन्या कुजलेल्या, नव्या कोऱ्या. खाली तिनं लिहिलं होतं, हेमानं वाचून दाखविलं, की ते जुने लोक पाण्याला देव मानायचे, अन् अजूनबी माणसं तिथं चिंधी बांधून मागणं मागतात. हेमाला त्यात गंमत वाटली. मला ती जागा ओळखीची वाटली.

आमच्याकडं पाण्यापाशी आसरा असतात. साती बहिणी. आडावर, नदीच्या डोहात, कॅनॉलच्या वळणावर. त्यांना तरण्या पोरी आवडतात. अर्पिता सात वर्षांची असताना कॅनॉलात गेली होती. बायका धुणं धूत होत्या, ही पायरीवरून सरकली अन् पाण्यानं ओढली. लिंबाजी म्हणून आमचा सालगडी होता, त्यानं उडी टाकून केसाला धरून काढली. पाणी ओकली तवा तिचे ओठ जांभळे होते. ते ओठ मी मरंपर्यंत इसरायची न्हाई. तवापासून मी बोलून बसले, ही पोर ज्या नव्या पाण्यापाशी जाईल तिथं आसरांची ओटी भरंल. गंगाखेडच्या घाटावर भरली, येलदरीच्या धरणाला भरली, पुण्याला शिकायला गेली तर तिथल्या नदीतबी भरली, अन् ती नदी कसली, गटार.

महारुद्राला हे खपत न्हाई. पोरगी वेल्सला निघाली तवा त्यानं मला सगळ्यांसमोर बजावलं होतं, माय, तिच्या डोक्यात आता हे भरू नको, ती तुझं ऐकती. मी बरं म्हणले. अन् रात्री तिच्या बॅगेत तळाला पुडी ठेवली. हिरवा खण, सात बांगड्या, हळद-कुंकू, मूठभर तांदूळ. तिला कानात सांगितलं, समुद्राच्या पाण्यात उतरायच्या आधी भरायची. ती म्हणाली, बरं आजी.

शनिवारची गोष्ट. दुपारचे सव्वादोन झाले होते. ऊन असं की कौलावरचं कावळंबी ओरडंना. महारुद्र कूलरपुढं निजलेला, हेमा सुमनबाईकडं कुरडया घालायला गेलेली. मी एकटी बाजेवर. फोन वाजला. अर्पिता दिसायली. तिच्याकडं सकाळ होती. निकिताचा गुडघा सुजला म्हणून ती मुक्कामाच्या घरीच राहिली होती, अन् ही एकटीच सायकलवर पुढच्या गावाला निघाली होती. अकरा वाजता तिथं पोहोचायचं, निकिता बसनं येणार, असं ठरलेलं.

तिनं फोन फिरवून मला समुद्र दाखविला. कड्याखाली वाळूची वाटी अन् तिच्या तोंडाला काळे खडक. मला म्हणाली, आजी, इथं पोहायचा इचार हाय. मी म्हणले, ओटी भरलीस का. न्हाई म्हणाली, पण पुडी पिशवीत हाय. मी म्हणले, मग आधी ती भर, मग काय करायचं ते कर.

आता मी तिला काय काय सांगितलं ते सगळं सांगते, कारण ते सांगायलाच पायजे. चप्पल-बूट काढून अनवाणी जायचं. फोन बरोबर न्यायचा न्हाई, आसरांपाशी जाताना तोंडातून शब्द काढायचा नसतो अन् त्या फोनचं काही खरं न्हाई, कधीबी वाजतो. ओटी पाण्यात फेकायची न्हाई. पाण्याच्या कडंला ठेवायची अन् हात जोडून उभं राहायचं. पाण्यानं ती आपल्या हातानं नेली पायजे. पाणी नेईल तोवर हलायचं न्हाई अन् मागं वळून बघायचं न्हाई.

ती सगळं ऐकत होती, मान हलवीत होती. मग म्हणाली, "आजी, पण पाणी लय लांब गेलंय. त्या खडकांच्याबी पलीकडं. नुसती वाळू दिसायलीय."

मी म्हणले, "मग तर बरंच झालं. चालत जा."

ती म्हणाली, येते. जाते म्हणू नको हेबी मीच शिकविलेलं. फोन बंद झाला.

अर्पिता तिच्या फोनवर काहीतरी दाबून ठेवायची, मग आमच्या फोनात नकाशावर तिचा टिपका दिसायचा, त्यात तिचा इवलासा चेहरा. मी तिसरीपर्यंत शिकले, पण टिपका बघायला शाळा लागत न्हाई. दोन दिवस मी त्या टिपक्याबरोबरच फिरले होते. तो हलला की मला बरं वाटायचं. त्या दुपारी टिपका हिरव्याच्या अन् निळ्याच्या मधोमध होता. मी मनात म्हणले, आता हलंल.

तीन वाजले. टिपका तिथंच. गंगाखेडच्या घाटावर ओटी ठेवली की चार श्वासांत गंगा, म्हणजे आमची गोदावरी, ती घेऊन जाती. इथं एवढा वेळ का. मग म्हणले, पोहत असंल. साडेतीन झाले. फोन लावला, वाजला, कुणी उचलला न्हाई. पुन्हा लावला. चार वाजता हेमा आली, हाताला पीठ. मी म्हणले, अर्पी फोन उचलंना. ती म्हणाली, सायकल चालवत असंल आत्या. टिपका दाखविला. मग निजली असंल गवतात, म्हणाली, अन् हात धुवायला गेली. पण हात पुसायच्या आतच तिनंबी फोन लावला. मी बघितलं.

पावणेपाचला निकिताचा फोन आला. हेमानं आवाज मोठा केला, महारुद्र उठून आला. निकिता सांगायली की अर्पिता ठरल्या जागी आली न्हाई. समुद्रावरून धुकं आलंय, दहा हातांपुढचं दिसंना. तिथल्या मुक्कामाच्या घरमालकिणीला घेऊन ती टिपका होता तिथं गेली. सायकल कुंपणाच्या फाटकाला टेकवलेली. फोन पुढच्या पिशवीत, वाजायलेला. बूट सायकलखाली, मोजे बुटात घातलेले. पोरगी न्हाई.

बूट काढलेले ऐकलं अन् हेमा मटकन खाली बसली. तिच्या मनात काय आलं ते मला कळलं. एकटी पोर, परका मुलूख, कड्याचं टोक, अन् बूट काढून ठेवलेले. तिनं महारुद्राला इचारलं, ती काही बोलली होती का तुमाला, काही दुःख होतं का तिला. महारुद्र म्हणाला, गप बस. अन् फोन तिच्या हातातून काढून घेतला.

निकिता रडत सांगत होती की तिथून दोन वाटा फुटतात. एक वर डोंगरात जाती, तिथंबी एक जुनी समाधी हाय अन् अर्पिता दोन दिवस तिचंच बोलत होती. गवत लय मऊ हाय, अनवाणी गेली असंल म्हणून गावातले सात-आठ लोक वर हुडकायला गेलेत. दुसरी वाट खाली वाळूकडं. घरमालकिणीनं वरून वाकून बघितलं, पण खाली आता वाळूच न्हाई, सगळं पाणीच हाय, तिकडं कोण कशाला जाईल.

मी बाजेवर बसून ऐकत होते. सगळं पाणीच हाय, हे मला समजंना. सव्वादोनला तर मी माझ्या डोळ्यांनी वाळू बघितली होती. लांबलचक, कोरडी. पाणी गेलं होतं. मी समुद्र कधी बघितला न्हाई. पाणी म्हणजे मला आमची गंगा. पूर येतो, ओसरतो, अन् ओसरलं की ते पाणी राजमुंद्रीला जातं, त्याच दिवशी माघारी फिरून येत न्हाई.

माझ्या तोंडात शब्द होता. तो बाहेर येईना. महारुद्राचं ते बोलणं, सगळ्यांसमोरचं, मला आठवायलं. हेमा खाली बसलेली, तिला वाटायलं की आपल्या लेकीनं जीव दिला. अन् मला ठावूक होतं की तसं न्हाई, अन् तरी मी गप. अशी किती वेळ गप बसले म्हणाल तर घड्याळात तीन-चार मिनिटं झाली असतील. चाळीस वर्षं ह्या घरात माझा शब्द चालला. त्या चार मिनिटांची मला जेवढी लाज हाय तेवढी दुसऱ्या कशाची न्हाई. देवळामागं उन्हात उभी असलेली पोर मला दिसायली. इथून हलू नको. ती हलली नसंल. पाणी नेईल तोवर ती तिथंच उभी राहिली असंल, हात जोडून, समुद्राकडं तोंड करून, अन् मागं वळून बघायचं न्हाई.

"महारुद्रा," मी म्हणले, "ती डोंगरात न्हाई. खाली पाण्याला गेलीय. मी धाडलंय."

त्यानं माझ्याकडं बघितलं. ओरडंल म्हणून मी मान ताठ केली. तो ओरडला न्हाई. "कवा?"

"सव्वादोनला. ओटी घेऊन. खडकांच्या पलीकडं."

"माय," तो हळू बोलला, "समुद्राचं पाणी परत येतं."

एवढंच बोलला अन् फोनवर निकिताला सांगायला लागला. खाली, खडकांच्या पलीकडं, लोकांना डोंगरातून माघारी बोलव, समुद्रातून माणसं काढणारी होडी असंल तर ती बोलव, आत्ता. निकितानं कायतरी इंग्रजीत ओरडून सांगितलं, अन् फोन कटला.

मग काही न्हाई. त्या काही न्हाईला मी जेवढी भ्याले तेवढी कॅनॉलावरबी भ्याले न्हवते. कॅनॉलावर आरडाओरडा होता, पोर डोळ्यांपुढं होती, लिंबाजीनं उडी टाकलेली दिसत होती. इथं भिंतीवरचं घड्याळ अन् कूलरची घरघर. त्या कूलरमधलं पाणी ठिबकायचं त्याचीबी मला धास्ती बसली. हेमाला म्हणले, बंद कर ते. तिनं बंद केला. माझ्याकडं बघितलं न्हाई. इतक्या वर्षांत ती माझ्याशी कधी भांडली न्हाई, त्या दिवशी भांडली असती तर मला हलकं वाटलं असतं. ती नुसती पदराचं टोक बोटाला गुंडाळायची, सोडायची, गुंडाळायची.

मी देवघरात गेले न्हाई. नृसिंहाला काय तोंड दाखविणार. मी रांजणापाशी गेले. रांजणात वाकून बघितलं तर माझंच तोंड काळं दिसायलं. आसरांना म्हणले, तुमची ओटी तुमाला मिळाली असंल. खण घेतला, बांगड्या घेतल्या. आता पोरगी घ्याल तर पुन्हा माझ्या घरातून तांदळाचा दाणा मिळायचा न्हाई तुमाला, न् मी सांगंन समद्या पोखर्णीला, कुणीच देऊ नका म्हणून. असं देवाशी बोलू नये. मी बोलले.

साडेपाच. पावणेसहा. महारुद्र अंगणात जायचा, आत यायचा. एकदा माझ्यापुढं थांबला, मला वाटलं आता बोलंल. त्यानं माझ्या हातात पाण्याचा तांब्या दिला अन् पी म्हणाला. मी तो तसाच रांजणावर ठेवला.

सहा वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. तिघांपैकी कुणीच उचलंना. शेवटी हेमानं उचलला. निकिता होती. पहिल्यांदा नुसती रडली, अन् त्या रडण्यात मी मेले. मग म्हणाली, सापडली, जित्ती हाय.

पुढचं आमाला हळूहळू कळलं. ओटी ठेवली तवा पाणी अजून मागंच सरकत होतं. ही त्याच्या मागं सरकली, पुन्हा ठेवली. पाणी घेईना. ही उभी. तास झाला, वर झाला. मग पाणी वळलं, आलं, ओटी घेऊन गेलं, अन् मागं वळायला मोकळीक झाली म्हणून हिनं बघितलं तर खडकाच्या मागून दुसऱ्या बाजूनं पाणी कवाच आत शिरलेलं. वाळूवर जायची वाट कमरंएवढ्या पाण्याखाली, अन् पाणी ओढणारं. त्यात धुकं. ती एका खडकावर चढली अन् त्याच्या खाचंत बसली. ओरडली तर लाटांचाच आवाज मोठा. होडीवाल्यांना गावकऱ्यांनी खडकांची जागा सांगितली म्हणून ते सरळ तिथं गेले. पाणी तिच्या मांड्यांवर आलं होतं. अर्धा तास उशीर झाला असता तर, असं निकिता म्हणायली. महारुद्र म्हणाला, ते नको सांगू.

सातच्या आत अर्पिताचा फोन आला, तोंड दिसणारा. दवाखान्यात होती. चांदीच्या कागदासारखं कायतरी अंगाभोवती गुंडाळलेलं, केस चिकटलेले. अन् ओठ जांभळे. तेच ओठ. हेमा रडली, महारुद्र पलीकडं तोंड करून उभा राहिला. पोरगी आईशी बोलली, बापाशी बोलली, मग म्हणाली आजीला द्या. मी फोन हातात घेतला. दोन्ही हातांनी धरला.

ती हसली अन् म्हणाली, "आजी, नेली पाण्यानं."

घरातले दोघं माझ्याकडं बघायले. बाहेर सुमनबाई येऊन उंबऱ्यात उभी राहिली होती, तीबी बघायली. तिच्यासमोर मी आजवर कधी खाली मान घातली न्हाई. मी पदरानं तोंड पुसलं.

"अर्पे, नीट ऐक," मी म्हणले. "सगळ्यांसमोर बोलायलेय, पुन्हा बोलायची न्हाई. मला त्या पाण्यातलं काही कळत न्हवतं अन् मी तुला हुकूम सोडला. ती चूक माझी, तिचं माझं मी बघते. पण तू चोवीस वर्षांची बाई हायस. यापुढं माझं ऐकायचं ते ह्या घरात, चुलीपाशी. पाण्यापाशी उभी राहशील तवा पाण्याकडं बघायचं, मागं बघायचं, चारी अंगांनी बघायचं, अन् भ्या वाटलं की मी काय म्हणले ते तिथंच टाकून पळत सुटायचं. आता ते ओठ झाक, मला बघवंनात."